हिणाचे रंग : प्रस्तावना

माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीत कारागीर होते. मुशीत चोख सोनं टाकण्याआधी ते दोन पुड्या उघडून समोर ठेवायचे. एकीत तांबं, दुसरीत चांदी. बारा माशांचा तोळा. त्यातले अकरा मासे सोनं आणि उरलेल्या एका माशात या दोघांची वाटणी. अकरा-बारांश म्हणजे आजच्या हिशेबात बरोबर २२ कॅरेट. हा हिशेब कधी चुकला नाही, पण त्या एका माशाची वाटणी मात्र दागिन्यागणिक बदलायची. पाटली रोज आपटते, घासते, म्हणून तिच्यात तांबं जास्त. ठुशीच्या मण्यांचा पत्रा मऊ हवा, म्हणून तिथे चांदी जास्त. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच कसाचे घडवलेले दोन डाग शेजारी ठेवले तर पाटली किंचित तांबूस आणि ठुशी लिंबाच्या सालीकडे झुकलेली दिसे. गिऱ्हाईक दोन्ही हातात घेऊन विचारी, "यात सोनं कमी घातलंत का हो?" वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं. "सोनं तेवढंच आहे. हीण वेगळं आहे."

हे पुस्तक त्या उत्तरातून निघालं आहे.

सोन्यात मिसळलेल्या दुसऱ्या धातूला मराठीत हीण म्हणतात आणि ज्यात ते जास्त झालं ते हिणकस. शब्दानेच निकाल देऊन टाकला आहे. उलट सोन्याचं संस्कृत नाव सुवर्ण, म्हणजे चांगल्या वर्णाचं. या दोन शब्दांनी मिळून आपल्या मनात एक समजूत घट्ट बसवली आहे, की रंग सोन्याचा आणि दोष हिणाचा. सराफाच्या काचेमागे आज पिवळ्याच्या अनेक छटा दिसतात, गुलाबी दिसतो, पांढरा दिसतो, क्वचित हिरवटही दिसतो. त्या सगळ्यांत सोनं एकच आहे. वेगळं आहे ते हीण. म्हणून दागिन्यासाठी सोन्याचा रंग निवडायचा म्हणजे हीण निवडायचं. आपण पेढीवर कॅरेट विचारतो, आजचा भाव विचारतो, घडणावळीवरून आणि तुटीवरून घासाघीस करतो. हीण कशाचं, हे विचारणारी गिऱ्हाइकं मी आजवर बोटांवर मोजण्याइतकी पाहिली.

मुळात चोख सोनं पिवळं का, याचं उत्तर शोधायला माणसाला विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. रोजच्या वापरातले बहुतेक धातू पांढरे किंवा करडे असतात. तांबं आणि सोनं हे ठळक अपवाद. सोन्याच्या अणूत ७९ प्रोटॉन आहेत. त्यांच्या ओढीने आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात आणि त्या वेगाला आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे नियम लागू होतात. त्याचा परिणाम अणूच्या सगळ्या रचनेवर होतो आणि शेवटी असा होतो, की सोनं निळा प्रकाश शोषून घेतं. निळा वजा झाला की उरतो तो पिवळा. चांदी हेच शोषण अतिनील भागात करते, जिथे आपली नजर पोचत नाही; म्हणून ती पांढरी दिसते. वटपौर्णिमेला आईच्या गळ्यात झळकणारा हार सापेक्षतेच्या सिद्धांताने पिवळा झालेला असतो, ही गोष्ट कळली तेव्हा मी कितीतरी वेळ आईचा हार हातात घेऊन बसले होते.

या पिवळ्यात तांबं मिसळलं की रंग लालाकडे सरकतो. चांदी मिसळली की आधी हिरवटाकडे आणि मग फिकट होत पांढऱ्याकडे. जस्ताने तो फिका पडतो. निकेल आणि पॅलेडियम पिवळेपणा जवळजवळ धुऊनच काढतात. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं. उरलेल्या २५० भागांत चांदी आणि तांबं निम्मेनिम्मे असतील तर ओळखीचा पिवळा मिळतो, तांबं सव्वादोनशेच्या आसपास नेलं तर गुलाबी, सगळंच तांबं घातलं तर लाल आणि सगळीच चांदी घातली तर हिरवट. ही चार टोकं लक्षात राहिली तरी दुकानातल्या निम्म्या नावांचा उलगडा होतो.

इथेच आपल्याकडची एक मोठी अडचण समोर येते. २२ कॅरेटमध्ये हिणाला जागाच हजारातल्या ८३ भागांची. एवढ्याशा जागेत पिवळ्याला तांबूस किंवा लिंबाळी झाक देता येते, त्यापुढे जाता येत नाही. २२ कॅरेटचं पांढरं सोनं होत नाही. २२ कॅरेटचं गुलाबी म्हणून कुणी दाखवलं तर ते तांबूस पिवळं असतं, नाहीतर वर मुलामा असतो. म्हणजे रंग आणि कॅरेट या दोन वेगळ्या निवडी नाहीतच. पांढरं किंवा खरं गुलाबी हवं असेल तर १८ किंवा १४ कॅरेटला यावं लागतं आणि ते मनाने स्वीकारावं लागतं. माझ्या अनुभवात पुष्कळ कुटुंबांत वाद होतो तो इथे. सून १८ कॅरेटची गुलाबी अंगठी आणते आणि सासूबाईंना वाटतं, पोरीला फसवलं.

सासूबाईंच्या मनातली ही शंका फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या कामाचं प्रकरण आहे. तिथे सोन्याची प्रत रंगावरून ठरवली आहे: कमळाच्या केसरांसारखं, मऊ, झळाळतं ते उत्तम, तांबूस पिवळं ते मध्यम आणि लाल ते कनिष्ठ. सोन्यात पायरीपायरीने तांबं वाढवत नेऊन सोळा वर्णांची मोजपट्टी कशी करायची तेही सांगितलं आहे. पुढे अबुल फजलने आईन-ए-अकबरीत टाकसाळीतली बनवारीची रीत लिहून ठेवली. ठरलेल्या मिश्रणांची सोन्याची टोकं कसोटीच्या दगडावर ओढायची आणि त्या रेघांशी परक्या सोन्याची रेघ ताडून पाहायची. इराणात शुद्धतेच्या दहा पायऱ्या, हिंदुस्थानात बारा. बावनकशी हा आपला शब्द याच जगातला. आपल्या परंपरेत रंग हा पुरावा होता. तांबडेपणा दिसला की कुणीतरी तांबं घातलं असणार, आणि तांबं घातलं असेल तर तेवढं सोनं कुणाच्या तरी खिशात गेलं असणार. गुजरीतल्या त्या गिऱ्हाइकाचा प्रश्न दोन हजार वर्षांचा होता.

रंगाकडे केवळ रंग म्हणून पाहण्याची दुसरी वाट जगात इतरत्र तयार झाली. आशिया मायनरमधल्या लिडियाच्या राज्यात सोनं आणि चांदी निसर्गतःच एकत्र सापडायची; फिकट, हिरवट पिवळं असं ते मिश्रण. इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकांतली जगातली पहिली नाणी त्याचीच. राजा क्रीससच्या काळात सार्डिस या राजधानीत मिठाच्या साहाय्याने चांदी वेगळी काढून चोख सोनं करू लागले. त्या भट्ट्या उत्खननात सापडल्या आहेत. ज्या मिश्रणापासून सुटका करून घ्यायला लिडियाचे लोक धडपडले, तेच मिश्रण अठराव्या शतकात पॅरिसच्या सोनारांनी मुद्दाम करायला घेतलं. तपकिरीच्या डब्यांवर ते फुलं लाल सोन्याची, पानं हिरव्या सोन्याची आणि फिती पांढऱ्याची बसवत. मिना नाही, खडा नाही, नुसतं सोनं आणि त्यातलं हीण यांच्यावर चित्र. हिणाला एवढा मान त्याआधी कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

जपानमध्ये तर याहून पुढची पायरी गाठली गेली. शाकुदो नावाच्या मिश्रधातूत तांबं मुख्य आणि सोनं थोडंसं, शेकड्यात चार-पाच भाग. विशिष्ट द्रावणात शिजवलं की त्यावर निळसर काळा, जांभळाच्या सालीसारखा खोल रंग चढतो. तलवारींच्या मुठींवर आणि कड्यांवर ही कला वाढली आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली तेव्हा त्या कारागिरांनी आपला हात दागिन्यांकडे आणि डब्यांकडे वळवला. शाकुदोत तांब्याला रंग सोन्यामुळे येतो. तिथे सोनंच हीण झालं आहे. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी दाखवते. हीण या शब्दातला कमीपणा त्याने गळून पडतो.

लाल-गुलाबी सोन्याची मोठी वस्ती रशियात झाली. एकोणिसाव्या शतकात तिथे ते इतकं लोकप्रिय होतं, की बाहेरच्या जगाने त्याला रशियन सोनं हेच नाव दिलं. सोव्हिएत काळात ५८३ आणि नंतर ५८५ या शिक्क्यांचं तांबूस सोनं घराघरांत पोचलं. ब्रिटिशांची १८१७ पासूनची सॉव्हरिन २२ कॅरेटची, आणि हीण तांब्याचं. आपल्याकडे तिला गिनी म्हणतात. जुन्या घरांत तिचे हार झाले, पेंडकं झाली, आणि ज्यांना तांबडं सोनं म्हणजे भेसळ असं वाटायचं त्यांनीही गिनीच्या तांबूसपणावर विश्वास ठेवला, कारण त्यामागे टाकसाळीचा शिक्का होता. रंगावरचा विश्वास शेवटी शिक्क्यावर अवलंबून असतो, हे त्यातून दिसतं.

पांढऱ्या सोन्याचा जन्म मात्र टंचाईतून झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिऱ्याच्या दागिन्यांत प्लॅटिनमची चलती होती. पहिल्या महायुद्धात प्लॅटिनम युद्धसामग्रीच्या कारखान्यांकडे वळलं आणि सोनारांना त्याची जागा घेणारं काहीतरी हवं झालं. सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम घालून ते मिळालं. निकेलचं मिश्रण कडक, ताठ, पकडीला चांगलं आणि स्वस्त. पण काहींच्या त्वचेला निकेल सोसत नाही. कानाच्या पाळ्या लाल होतात, खाज सुटते, पाणी येतं. युरोपीय समुदायाने १९९४ मध्ये निर्देश काढून दागिन्यांतून बाहेर पडणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली. पॅलेडियमचं मिश्रण त्वचेला सौम्य आणि घडवायला मऊ, पण महाग आणि वितळायला जास्त आच मागणारं. १९२४ मध्ये कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीने तीन रंगांची एकमेकांत गुंतलेली कडी असलेली अंगठी काढली तेव्हा पांढरा, पिवळा आणि गुलाबी हे तीन रंग बरोबरीने मांडले गेले आणि ती मांडणी आजही टिकून आहे.

पण पांढरं सोनं म्हणून आपण जे लखलखीत पांढरं पाहतो तो सोन्याचा रंग नव्हे. तो ऱ्होडियमचा मुलामा असतो. खालचं मिश्रण बहुतेक वेळा करडं किंवा किंचित पिवळसर असतं. अंगठीसारख्या रोज घासणाऱ्या दागिन्यावर हा मुलामा वर्ष-दोन वर्षांत विरतो आणि पुन्हा चढवावा लागतो. माझ्या भाचीची साखरपुड्याची अंगठी एका मोठ्या पेढीवरून घेतली होती. सव्वा वर्षाने ती खालच्या बाजूने पिवळी पडू लागली. पोरगी रडकुंडीला आली. तिला वाटलं, खोटं सोनं दिलं. मी अंगठी तपासली. सोनं पूर्ण १८ कॅरेटचं होतं, काम स्वच्छ होतं. फक्त विकताना तिला कुणी मुलाम्याबद्दल एक वाक्य सांगितलं नव्हतं. त्या एका न बोललेल्या वाक्यामुळे तिच्या मनात त्या अंगठीविषयी जो सल राहिला तो अजून गेलेला नाही. पांढऱ्या सोन्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. न सांगता विकलेल्या पांढऱ्या सोन्याविरुद्ध मात्र आहे.

निळं आणि जांभळं सोनंही असतं. जांभळ्यात हजारात सुमारे ७९० भाग सोनं आणि उरलेलं ॲल्युमिनियम. निळ्यात इंडियम किंवा गॅलियम. दोन्ही काचेसारखी ठिसूळ, म्हणून ती खड्यासारखी कापून बसवावी लागतात. पाहायला सुंदर आहेत, पण रोज घालायच्या दागिन्यात मी कुणालाही ती सुचवणार नाही.

आता आपल्या जखमेकडे येते. चीनशी युद्ध झाल्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सोने नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडवायला बंदी झाली. सोन्याची आयात आणि चोरटा व्यापार रोखणं हा हेतू होता. पण २२ कॅरेटवर हात बसलेल्या कारागिराला १४ कॅरेट हा परका धातू होता. तो कडक, हातोडीखाली वेगळा वागणारा, जोडासाठी डाक लावताना वेगळा रंग दाखवणारा. गिऱ्हाईक तर फिरकेचना. देशभर हजारो सोनारांचं काम बसलं, काहींनी जीव दिले. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट उठली, सोने नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला. आमच्या घरात त्या वर्षांविषयी कुणी फारसं बोलत नसे. वडील त्या काळात दुसऱ्याच्या शेतावर कामाला जात होते, हे मला त्यांच्या मृत्यूनंतर आत्याने सांगितलं. 'चौदा कॅरेट' हे शब्द आमच्याकडे शिवीसारखे वापरले जायचे. कमी कॅरेटच्या सोन्याचे रंग, त्याचा कणखरपणा, त्यातली घडणीची मोकळीक हे सगळं जगाने आवडीने शिकून घेतलं. आपल्यावर ते हुकमाने लादलं गेलं. म्हणून आपण ते शिकलो नाही. मराठी माणसाचं पिवळ्या सोन्यावरचं प्रेम समजून घ्यायचं असेल तर हा इतिहास वगळून चालणार नाही.

आज जगात सोन्याच्या रंगाची काही घराणी स्पष्ट दिसतात. भारत, आखाती देश, चीन इथे शुद्धतेचं घराणं: सोनं पिवळं, २२ ते २४ कॅरेट, दागिना आणि ठेव एकच. इटलीत १८ कॅरेटचं, घडणीला पहिला मान देणारं. अमेरिकेत १४ आणि १०, ब्रिटनमध्ये ९ कॅरेटपर्यंत उतरणारं, टिकाऊपणा आणि परवडणं पाहणारं. ही घराणी एकमेकांना परकी आहेत असं आपण समजतो, पण मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रात अमेरिकेला जाणारे १४ आणि १८ कॅरेटचे पांढरे-गुलाबी दागिने कित्येक वर्षं घडत आले आहेत. आपल्या शेजारची मुलगी दिवसभर ज्या रंगाच्या सोन्यात हिरे बसवते, त्या रंगाला आपण परदेशी म्हणतो.

निवडताना काय पाहावं, याची चर्चा या पुस्तकात जागोजागी आहे. इथे मला पटलेल्या थोड्या गोष्टी सांगते. त्वचेच्या वर्णावरून, मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून रंग ठरवण्याचे सल्ले हल्ली फार मिळतात. मला त्यांचा उपयोग झालेला नाही. सावळ्या मनगटावर गुलाबी सोनं काय खुलतं हे पाहायला शिरा पाहाव्या लागत नाहीत. उजेड मात्र पाहावा. सराफी दुकानातला पिवळा प्रकाश पिवळ्या सोन्याला श्रीमंत करतो, सोन्याखालचा गुलाबी कागद त्याला आणखी ऊब देतो. दागिना दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहावा आणि शक्य असेल तर रोज घालायच्या बांगडीशेजारी ठेवून पाहावा. खडा असेल तर त्याचं ऐकावं. किंचित पिवळसर झाक असलेला हिरा पिवळ्या सोन्यात सुखाने नांदतो. पांढऱ्यात तीच झाक उघडी पडते आणि मग अधिक रंगहीन, अधिक महाग हिरा घ्यावा लागतो. कुंदनकामात खडा धरून ठेवायला चोख सोन्याचाच पत्रा लागतो, तिथे रंगाचा प्रश्नच उरत नाही. आणि नथ. गुलाबी आणि पांढऱ्या सोन्याच्या नथी मी पाहिल्या आहेत, काही देखण्याही होत्या. तरी मोत्याच्या दुधाळ पांढऱ्याला आधार देणारं पिवळं तिथे हवं, असं माझं ठाम मत आहे.

रंग कारागिराच्या हातालाही बदलायला लावतो. वडिलांनी उतारवयात एकदा गुलाबी सोन्याची ऑर्डर घेतली. सवयीप्रमाणे तावून सोनं बागेसरीशेजारी, म्हणजे शेगडीशेजारी, आपोआप निवायला ठेवलं आणि जंत्रीतून तार ओढायला घेतली तर ती तुटत राहिली. तांबं जास्त असलेलं १८ कॅरेटचं सोनं सावकाश निवलं तर सोन्याचे आणि तांब्याचे अणू आत एका ठरावीक रांगेत बसतात आणि धातू कडक होऊन तडकतो. ते लालसर असतानाच विझवावं लागतं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस आणि बराच माल घालवून ते त्यांनी शोधून काढलं. त्या वयात त्यांना झालेला आनंद मला आठवतो. असं ज्ञान आपल्या गल्ल्यांमध्ये तोंडी आहे आणि लिहिलेलं फार थोडं.

हिणाची एक गोष्ट काळजीने सांगायला हवी. "केडीएम आहे ना?" असं अजूनही पेढीवर विचारलं जातं, जणू ती शुद्धतेची खूण आहे. केडीएम म्हणजे कॅडमियम. पूर्वी डाक तांबं-चांदीचा, हलक्या कसाचा असे. जोड वेगळ्या रंगाचा दिसे आणि मोड वितळवली की कस उतरे. कॅडमियमच्या डाकाने हे दोन्ही प्रश्न सुटले, कारण डाकात ९२ टक्के सोनं ठेवता येई आणि जोड रंगात मिसळून जाई. पण कॅडमियम ७६७ अंश सेल्सियसला उकळतं. सोनं वितळण्याआधीच त्याची वाफ होते आणि फुंकणी तोंडात धरून बसलेल्या कारागिराच्या छातीत जाते. ती फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात कॅडमियमला मज्जाव आहे. दागिन्याचा जोड दिसू नये म्हणून कुणाचा श्वास गेला, हे माहीत असलेल्या माणसाने केडीएम हा शब्द कौतुकाने उच्चारू नये.

आणि हीण घालणारे आहेत तसे काढणारेही आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतून निघालेले आपले गलाई व्यावसायिक आज तमिळनाडू-केरळपासून उत्तरेपर्यंत देशभरच्या सराफकट्ट्यांवर आहेत. जुन्या मोडीत चांदी मिसळून ती पातळ करायची, तेजाबात चांदी-तांबं विरघळवायचं आणि तळाशी राहिलेलं तपकिरी चोख सोनं धुऊन पुन्हा वितळवायचं, हे त्यांचं काम. वितळेपर्यंत ते सोनं सोन्यासारखं दिसतही नाही. दागिन्यांचे रंग जिथे संपतात आणि पुन्हा सुरू होतात ती ही जागा. सोन्यावरच्या मराठी लिखाणात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. या पुस्तकात त्यांचे अनुभव त्यांच्याच बोलीत आहेत.

हा विषय आत्ताच का, याला कारण भाव आहे. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम चोख सोन्याने भारतात एक लाखाचा आकडा गाठला. लग्नाच्या यादीतल्या पाटल्या, तोडे, मोहनमाळ २२ कॅरेटमध्ये करणं मध्यमवर्गीय घराला झेपेनासं झालं. त्याच वर्षी जुलैत ९ कॅरेटचा सक्तीच्या हॉलमार्किंगमध्ये समावेश झाला. कमी कॅरेट आता दारात येऊन उभं आहे, यावेळी हुकमाने आलेलं नाही, आणि त्याच्याबरोबर सगळे रंग आले आहेत. २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. दागिन्यावर ब्यूरोचं चिन्ह, कस आणि सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी ही ओळखखूण असते. ही मोठी सोय झाली. आता रंगावरून कस ओळखण्याची गरज उरली नाही, म्हणजे रंगाला पुरावा म्हणून उभं राहण्यापासून सुटका मिळाली. पण हॉलमार्क सोन्याचा भाग सांगतो. हिणाबद्दल तो एक अक्षर सांगत नाही. निकेल आहे की पॅलेडियम, मुलामा आहे की अंगचा रंग, हे अजून विचारूनच कळतं. मोड देतानाही मोल सोन्याचंच मिळतं, पॅलेडियमला घातलेले पैसे परत येत नाहीत. हे सगळं आधी कळलं तर निवड मोकळ्या मनाने करता येते.

या पुस्तकात धातुशास्त्राचे अभ्यासक आहेत, रत्नपारखी आहेत, गुजरीतले आणि झवेरी बाजारातले कारागीर आहेत, गलाईवाले आहेत आणि दागिने घालणाऱ्या बायकाही आहेत. त्यांची मतं जुळत नाहीत आणि ती जुळवण्याचा प्रयत्न मी संपादनात केला नाही. पांढऱ्या सोन्यावर एक कारागीर जे लिहितो ते दुसरा खोडून काढतो. दोघांनाही आपापल्या बोटांचा आधार आहे. पिवळं चांगलं की गुलाबी, याचा निवाडा हे पुस्तक करत नाही. कोणत्या रंगाच्या मागे कोणता धातू, तो काय देतो आणि काय मागतो, एवढं ते उघड करून ठेवतं. दर, ब्रँड, गुंतवणूक यांची चर्चा मुद्दाम बाहेर ठेवली आहे. ती रोज बदलते आणि रोज छापून येते.

वाचकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी पेढीवर जाल तेव्हा भाव आणि कॅरेट विचारून झाल्यावर सराफाला आणखी एक प्रश्न विचारा: यात हीण कशाचं आहे? त्याला सांगता आलं नाही, तर आतल्या कारागिराला बाहेर बोलवायला सांगा. त्याला ते नक्की माहीत असतं.